अनवाणी फेरी

"काका, उंटाचा गुडघा तुमच्यामुळे गेला का?"

विचारून टाकलं. वहीतला तो अठरावा प्रश्न होता आणि माझ्या अक्षरातला नव्हता. शुक्रवारी मधल्या सुट्टीत वर्गातल्या चिमणीने माझी वही ओढून घेतली, यादीच्या शेवटी तो खरडला आणि म्हणाली, "फार धीट झालीयेस ना हल्ली? हा विचारून दाखव." बाकीच्या दोघी मैत्रिणी लगेच तिच्या बाजूने झाल्या. विचारला नाही, तर परीक्षेपर्यंत तिघींची दप्तरं मी उचलायची, असं ठरलं.

मागच्या वर्षी मी मुकाट्याने दप्तरं उचलली असती. तेव्हा हजेरीला "हजर" म्हणतानाही माझा आवाज घशातून बाहेर यायला कुरकुर करायचा. पण यंदा वक्तृत्वात पहिली आले, वार्षिक अंकाची संपादक झाले, आणि आपल्याला कुणालाही काहीही विचारता येतं असा माझा पक्का समज झाला होता. त्या अंकासाठीच तर आले होते. लेखाचा विषय: आपल्या गावाचा बास्केटबॉल संघ, इतिहास आणि परंपरा.

काका कोर्टाच्या मधोमध गुडघे टेकून बसले होते. रबरी हातोडा हातात तसाच राहिला. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये आम्ही दोघंच होतो. रविवारचे अकरा वाजले होते, मॅच चारला होती, आणि नऊ हजार रिकाम्या खुर्च्या आमच्याकडे बघत होत्या. प्रश्न परत घ्यावासा वाटला, पण तो कसा घेतात ते कुठल्याच स्पर्धेत शिकवत नाहीत.

"कोण म्हणतं असं?" काकांनी विचारलं.

"शाळेत म्हणतात."

"आणखी काय काय म्हणतात शाळेत?"

"म्हणतात, तुम्ही अनवाणी फिरून कोर्ट मंतरून ठेवता. म्हणून पाहुण्या संघाचे फ्री थ्रो चुकतात."

एरवी काका हसले असते. आज हसले नाहीत.

काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. लग्न केलं नाही; आमच्याच घरात मागच्या खोलीत राहतात. गेली सत्तावीस वर्षं त्यांचं काम एकच, सुतारपक्षी संघाचं लाकडी कोर्ट घालायचं आणि काढायचं. लोकांना वाटतं, हॉलमध्ये कोर्ट असतंच. नसतं. शुक्रवारी तिथे गाण्याचा कार्यक्रम होता, त्याआधी सोफासेटचं प्रदर्शन होतं. खाली नुसतं सिमेंट. मॅचच्या आदल्या दिवशी काका आणि त्यांची सहा माणसं दोनशे आठ पॅनलं ट्रॉल्यांवरून आणतात, एकाला एक जोडतात, सांध्यांत लोखंडी खिट्ट्या ठोकतात, तेव्हा कुठे कोर्ट तयार होतं. प्रत्येक पॅनलच्या पोटावर नंबर लिहिलेला असतो, पण काकांना तो बघावा लागत नाही. ते पॅनल चेहऱ्यावरून ओळखतात. खेळाडू त्यांना जमीनदार म्हणतात. जमीनदारांच्या नावावर कुंडीतली मातीसुद्धा नाही, हा बाबांचा आवडता विनोद.

संघाचा इतिहास मला तोंडपाठ झाला होता. बासष्ट वर्षांपूर्वी लाकडाच्या कारखान्यातल्या कामगारांनी पाळी सुटल्यावर खेळायला म्हणून संघ काढला. कोर्टही त्यांनीच घातलं, कारखान्यात उरलेल्या फळ्यांचं. म्हणून नाव सुतारपक्षी. म्हणूनच आमचे प्रेक्षक टाळ्या वाजवत नाहीत. खुर्चीच्या लाकडी हातावर बोटांच्या पेरांनी टकटक करतात. पाहुणा फ्री थ्रोला उभा राहिला की नऊ हजार माणसं एकदम टकटकायला लागतात, आणि त्या बिचाऱ्याला आपल्याच कवटीत कुणीतरी चोच मारतंय असं वाटत असणार. पुढे कारखाना बंद पडला, संघ व्यावसायिक लीगमध्ये गेला, मालक बदलले, कोर्टंही बदलली. पण पहिल्या कोर्टातल्या फळ्यांचं एक पॅनल दर वेळी नव्या कोर्टात बसवतात, मधल्या वर्तुळाला लागून. त्याला सगळे 'जुनी फळी' म्हणतात. नवा खेळाडू करारावर सही केली की आधी तिला हात लावतो.

आणि मग काकांची फेरी. मॅचआधी काका अनवाणी कोर्टवर फिरतात. कॅप्टन रेषेबाहेर उभा राहून विचारतो, "जमीनदार, येऊ का?" काका म्हणतात, "या." तोवर कोर्टवर कुणी पाय ठेवत नाही, संघाचा मालकसुद्धा नाही. हा माझ्या लेखातला सगळ्यात फक्कड परिच्छेद होता. शीर्षकही देऊन झालं होतं: साठ वर्षांची अखंड परंपरा.

"वहीत लिहू नकोस," काका म्हणाले.

मी पेनचं टोपण लावलं.

"त्या दिवशी पॅनलं दुरुस्तीहून यायला उशीर झाला. मॅचला पाऊण तास उरला तेव्हा शेवटची खिट्टी ठोकली. मी कडेला उभा राहून नजर फिरवली. सपाट दिसत होतं. मॅनेजर म्हणाले, चालेल ना? मी म्हटलं, चालेल."

"मग?"

"मग उंट रिंगपाशी उडी मारून चेंडू घेऊन खाली आला. तिथे." त्यांनी हातोड्याने डाव्या रिंगखाली दाखवलं. "मी पार कडेला होतो. तिथवर आवाज आला. चेंडूचा नव्हे, गुडघ्याचा."

उंट हे टोपणनाव; तो आमच्या संघाचा आजवरचा सर्वांत मोठा खेळाडू. त्याची पंधरा नंबरची जर्सी छताला टांगलेली आहे. तो नंबर आता कुणालाच देत नाहीत. त्या दिवसानंतर तो पुन्हा खेळला नाही. हल्ली टायरचं दुकान चालवतो. वर्षातून एकदा मॅच बघायला येतो, काकांच्या पाठीवर थाप मारतो, आणि त्या दिवशी काका जेवत नाहीत. का, ते मला आज कळत होतं.

"पण चौकशी झाली होती ना? मी जुनी वर्तमानपत्रं वाचलीत, काका. कोर्टात काही दोष आढळला नाही, असं छापलंय."

"नाहीच आढळला. मीच मोजलं होतं. पण मॅच संपल्यावर. दहा दांडगे त्याच्यावर नाचून गेल्यावर. कुठला सांधा आधी वर होता आणि नंतर दाबला गेला, कोण सांगणार?" त्यांनी हातोडा खाली ठेवला. "तू विचारलंस म्हणून सांगतो. माहीत नाही. अकरा वर्षं झाली, मला माहीत नाही."

"आणि अनवाणी फिरणं?"

"त्याच्या पुढच्या मॅचपासून. डोळ्यांवर भरवसा उरला नाही. तळपायाला कागदाएवढा उंचवटासुद्धा कळतो. पहिल्यांदा फिरलो तेव्हा त्या वेळचा कॅप्टन कडेला येऊन उभा राहिला. घाबरला होता पोरगा. म्हणाला, येऊ का? मी म्हटलं, या. झालं."

"म्हणजे साठ वर्षांची परंपरा..."

"कोण म्हणतं?"

"मी. शीर्षक दिलंय."

"खोडून टाक मग," काका म्हणाले आणि बूट काढायला बसले.

सकाळची फेरी खरी, दुपारची लोकांसाठी, हे मला तेव्हाच समजलं. दुपारी कॅमेरे असतात, काका फक्त मधून एकदा जाऊन येतात. सकाळी मात्र एकेक सांधा तुडवायचा. मी पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसून ते बघत होते. काका हात मागे बांधून, मान ताठ ठेवून, दमाने चालत होते. मी लिहायला घेतलं: 'जणू लाकूड त्यांच्याशी बोलत असतं.' वाक्य मला फारच आवडलं. दुसऱ्यांदा वाचून मान वर केली, तर पिवळसर लाकडावर एक लाल ठिपका दिसला.

मग त्याच्यापुढे आणखी एक. दोन पावलांच्या अंतराने एकेक ठिपका, शिस्तीत, थेट काकांच्या उजव्या पायापर्यंत गेलेला.

"काका, तुमचा पाय."

"काय झालं पायाला?"

"रक्त येतंय."

काका थांबले. आधी मागे वळून ठिपके बघितले, मग पाय उचलून तळवा बघितला. गाण्याच्या कार्यक्रमात गालिचा ठोकायला वापरलेली पिन असावी, अख्खी टाचेत शिरली होती. नुसतं वाकडं डोकं दिसत होतं. मला बघूनच कळ आली. काकांनी ती चिमटीत धरली आणि शर्टावरचं सूत काढावं तशी ओढून काढली. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"दुखलं नाही?"

काका पिनेकडे बघत राहिले. आणि मग मी एक गोष्ट पाहिली, जी पंधरा वर्षांत कधी पाहिली नव्हती. काका घाबरले होते. त्यांच्या ओठांवरचा रंग गेला. मोठं माणूस घाबरलं की आपल्या पायाखालचंच काहीतरी सरकतं. माझी सगळी बक्षिसं, संपादकपद, सगळं एका क्षणात कुठल्या कुठे गेलं.

"काका, तुम्हाला कळलंच नाही?"

"मागच्या हंगामात आधी अंगठे गेले," ते हळूच म्हणाले. त्यांना साखरेचा त्रास आहे, गोळ्या घेतात, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. "मग टाचा. आता घोट्याखाली सगळं गादीसारखं लागतं. हे कोर्ट, रस्ता, न्हाणीघर, सगळं एकच."

"मग तुम्ही फेरी मारता ती?"

"मारतो. लोक बघत असतात."

"आणि 'या' म्हणता?"

काका रुमालाने टाच पुसत राहिले. मी मनातल्या मनात मोजलं. यंदा इथे नऊ मॅच झाल्या होत्या. नऊ वेळा 'या'.

"घरात बोलू नकोस," काका म्हणाले. आता त्यांचा आवाज मला ओळखू येईना. "दोन वर्षं राहिलीत निवृत्तीला. तुझे बाबा सगळ्यांना टीव्हीवर भाऊ दाखवत असतात. नाही ना बोलणार?"

"नाही," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? तेव्हा त्यांनी काहीही मागितलं असतं तरी मी हो म्हटलं असतं, फक्त त्यांनी तसं बघू नये म्हणून.

मग मी बूट काढले. मोजे काढले.

"हे काय?"

"मी फिरते."

"तुला काय कळणार त्यातलं?"

"माझ्या पायांना दुखतं, काका."

हे बोलल्याबरोबर वाईट वाटलं, पण काका रागावले नाहीत. बराच वेळ माझ्या पायांकडे बघत राहिले, आणि मग म्हणाले, "मग माझ्यापेक्षा ते शहाणे आहेत. सांध्यावर पाऊल आडवं टाक. बोटं आधी, टाच मागून. घाई करू नकोस."

लाकूड थंडगार होतं. पहिल्या दोन रांगांत मला काहीच कळलं नाही, आणि त्या काहीच न कळण्याची भीती वाटली. सगळं ठीक आहे म्हणून कळत नाहीये, की मलाच कळत नाहीये? काका माझ्या बाजूने, जखमी टाच उचलून, चालत होते. "कळलं काही?" "नाही." "इथे?" "नाही." "इथे?" दर वेळी "नाही" म्हणताना मी कुणाच्या तरी गुडघ्याच्या हमीवर सही करत होते. तिसऱ्या रांगेत पायाला सांध्याची बारीक रेघ जाणवायला लागली. पाचव्या रांगेत रेघ आणि खिट्टी वेगळी कळायला लागली. मला जरा हुरूप आला. डावी रिंग आली तेव्हा काका गप्प झाले. तिथे मी तीनदा फिरले. काही नव्हतं.

मधल्या वर्तुळापाशी माझा अंगठा अडकला.

अडकला म्हणजे किती, तर नखाच्या जाडीएवढा. पण अडकला. परत मागे जाऊन पुन्हा पाऊल टाकलं. पुन्हा अडकला.

"इथे," मी म्हणाले.

"तिथे नाही. ती जुनी फळी आहे."

"इथेच आहे, काका."

"मी स्वतः बसवलीये ती. दोनदा बघितलीये."

"कशाने बघितलीत?"

पुन्हा तेच. तोंडातून निघून गेलं. काका खाली बसले, खिशातली पोलादी पट्टी सांध्यावर आडवी धरली आणि तिच्याखालून डोळा लावून बघितलं. मग खिट्ट्या काढायला लागले. मी दुसऱ्या बाजूने हात लावला. फळी उचलून बाजूला टेकवली, तिचा नंबर नसलेला काळपट तळ मी पहिल्यांदाच बघितला. खाली रबराच्या पट्ट्या होत्या.

जुनी फळी घासून घासून इतरांपेक्षा पातळ झालीये. ती वर आणायला तिच्याखाली रबराची एक पट्टी घालतात. तिथे दोन होत्या. एकावर एक, नीट कापून, कडेला कड लावून बसवलेल्या.

"दोन का, काका?"

"खाली गेली असेल असं वाटलं," ते म्हणाले. "पायाने बघितलं, कळेना. सपाट आहे की खोल आहे, कळेचना. म्हटलं, खाली राहायला नको. म्हणून आणखी एक घातली." त्यांनी वरची पट्टी काढून हातात धरली. "राहू नये म्हणून घातली गं."

मला एकदम दिसलं की सगळे खेळाडू आत आल्यावर आधी इथेच येतात. इथेच हात लावतात. मॅचची पहिली उडी इथेच मारतात आणि इथेच खाली येतात.

फळी पुन्हा बसवली. मी तिच्यावर फिरले, उभी, आडवी, तिरकी. मग राहिलेल्या सगळ्या रांगा फिरले. तळपाय लाल झाले होते. काकांनी ठिपके ओल्या फडक्याने पुसले, टाचेला चिकटपट्टी लावली. मॅनेजर जिन्यावरून डोकावले आणि ओरडून विचारलं, "काय, झाली का फेरी?"

"झाली," काका म्हणाले. कुणाची, ते मॅनेजरांनी विचारलं नाही.

साडेतीनला हॉल भरला. दिवे लागले, कॅमेरे आले, आणि काका पुन्हा अनवाणी निघाले. तीच ताठ मान, मागे बांधलेले हात. टाचेची पट्टी खालच्या बाजूला, त्यामुळे कुणाला दिसत नव्हती. नऊ हजार माणसं एकदम शांत झाली. शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनी आपल्या छोट्या मुलीला कानात सांगितलं, "बघ हं, त्यांच्या पायांना सगळं कळतं." मी खुर्चीचा हात घट्ट धरून ठेवला.

कॅप्टन रेषेपाशी आला. "जमीनदार, येऊ का?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. एवढ्या गर्दीत नेमकं माझ्याकडे. एक क्षण, दोन क्षण. लोकांना वाटलं असेल, आज जमीनदार रंगात आलेत. त्या नजरेतला प्रश्न मला कळला, आणि मी मान हलवली. हलवली, पण मला कुठे खात्री होती? एका सकाळी शिकलेले माझे पाय, त्यांना काय माहीत होतं?

"या," काका म्हणाले.

मॅच कशी झाली ते मला विचारू नका. चिमणीने नंतर विचारलं तेव्हा मला गुणही सांगता आले नाहीत. मी चेंडू बघितलाच नाही. मी फक्त बूट बघत होते. वीस बूट. कुणी उडी मारली की मी श्वास धरायचे आणि तो खाली येऊन दोन पावलं टाकेपर्यंत सोडायचे नाही. तिसऱ्या भागात आमचा सर्वांत लहान खेळाडू जुन्या फळीपाशी धडकन पडला आणि गुडघा धरून बसला. टकटक थांबली. काका कडेच्या बाकावरून अर्धवट उठले आणि तसेच राहिले, ना उभे ना बसलेले. मी त्या पोराकडे बघत नव्हते, काकांकडे बघत होते. अकरा वर्षांपूर्वी ते असेच अर्धे उठले असतील.

तो उठला. धक्का लागला होता, पंचांनी तशी खूणही केली. तो हसत हसत फ्री थ्रोला गेला. काका खाली बसले. त्यांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि ती बाही बराच वेळ तोंडावरच धरून ठेवली.

तेव्हाच मी ठरवलं. धीटपणाने वगैरे नाही. असा आणखी एक दुपारभराचा श्वास मला धरता येणार नव्हता, म्हणून.

मॅच संपल्यावर मी ट्रॉल्या ठेवायच्या खोलीत गेले. काका खिट्ट्यांचे डबे रांगेत लावत होते.

"काका, मी सांगणार आहे."

त्यांनी मागे वळून बघितलं नाही. "नाही म्हणाली होतीस."

"म्हणाले होते."

"मग?"

"तेव्हा घाबरून म्हणाले होते."

"आणि आता काय, घाबरलेली नाहीस?"

"जास्त घाबरलेय."

त्यांनी एक डबा उचलला, पुन्हा त्याच जागी ठेवला. "मला महिनाभर दे. मी स्वतः सांगतो."

"बुधवारी मॅच आहे, काका."

"बुधवारी तू फीर. मी शाळेत चिठ्ठी देतो. कुणाला कळणार नाही."

खरं सांगते, मला मोह झाला. दर मॅचला सकाळी ते कोर्ट, तो गारवा, फक्त आम्हा दोघांचं गुपित. क्षणभर मी स्वतःला तिथे चालताना बघितलंसुद्धा. आणि मग शेजारच्या बाई आठवल्या, मुलीला कानात सांगणाऱ्या. "मला नाही झेपणार," मी म्हणाले. "एखादा सांधा राहिला माझ्याकडून, तर? मी पण तुमच्यासारखी वर्षानुवर्षं..."

काकांनी डब्याचं झाकण लावलं.

"जा घरी," ते म्हणाले. "आई वाट बघत असेल."

घरी मी एकटीच आले. काका सातला आले, हात धुतले, टेबलाशी आपल्या जागेवर बसले. माझ्याकडे बघितलं नाही. आई वाढत होती. बाबांनी टीव्हीवर बातम्या लावल्या होत्या आणि त्यात नेमकी तीच चित्रं दाखवत होते.

"बघ, बघ, दादा आला," बाबा आईला म्हणाले. "काय ती चाल. आज माझ्या ऑफिसातल्या तिघांनी फोन केला. म्हणाले, तुमचे भाऊ म्हणजे संघाचा आत्मा."

"आत्म्याला आमटी वाढू का?" आईने विचारलं.

बाबा हसले. काका हसले नाहीत. टीव्हीवर ते दोन क्षण गप्प उभे होते, ते क्षण आता फार लांब वाटत होते.

"आज एवढा वेळ का लावलास रे, दादा?" बाबांनी विचारलं. "मुद्दाम ना? कॅमेऱ्यासाठी?"

आता काका म्हणणार, हो, मुद्दाम. आणि मग मी काही बोलले तर म्हणणार, पोरगी काहीतरीच बोलते. आणि बाबा कुणाचं खरं मानतील, ते मला माहीत होतं.

"बाबा, टीव्ही बंद करा," मी म्हणाले.

"का गं?"

"मला सांगायचंय."

बाबांनी आवाज कमी केला. बंद नाही केला. आईने माझ्याकडे बघितलं आणि हातातली पळी भांड्यात ठेवून दिली. आईला चेहरा लगेच कळतो.

काकांनी खुर्ची मागे सरकवली. मला वाटलं, उठून आपल्या खोलीत जाणार. ते उठले नाहीत. खाली वाकले, उजव्या पायातला मोजा सावकाश काढला, त्याची नीट घडी घातली आणि टेबलावर, ताटाच्या शेजारी ठेवली. टाचेची पट्टी रक्ताने भिजून सुटली होती. त्यांना अर्थातच कळलं नव्हतं.

"अरे, हे काय?" बाबा म्हणाले.

काका माझ्याकडे बघत होते, आता पहिल्यांदाच. ते सांगू नकोस म्हणत होते की सांग म्हणत होते, मला कळेना. मी उभी राहिले. उभं राहिल्याशिवाय मला आवाज सापडत नाही.

"काकांच्या पायांना काही लागत नाही," मी म्हणाले. "दुखत नाही, कळत नाही, मागच्या हंगामापासून. आज कोर्ट मी बघितलं, बुधवारी मी बघणार नाही. उद्या मी शाळेत जाणार नाही. मॅनेजर दहाला येतात. मी त्यांना जाऊन सांगणार आहे. काका आले तर त्यांच्याबरोबर, नाही आले तर एकटी."